खाजणे, लागणे, उतणे, उठणे : ताम्हिणी परिसराच्या संदर्भात अन्न न सोसण्याचा इतिहास

प्रस्तावना

अन्नाचा इतिहास बहुधा पिकांचा, दुष्काळांचा, बाजारभावांचा आणि सणावारांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी काय खाल्ले आणि कोणाच्या वाट्याला काय आले नाही, याचा शोध इतिहासकार घेतात. खाल्लेले अन्न शरीराला सोसले नाही, तेव्हा समाजाने त्या अनुभवाला कोणते नाव दिले आणि त्यावर कोणता उपाय शोधला, हा प्रश्न मात्र वैद्यकाकडे सोपवून इतिहास पुढे जातो. परिणामी 'पूर्वी कोणाला अन्नाची ॲलर्जी नव्हती, हे सगळे अलीकडचे आहे' असे विधान सुशिक्षित समाजातही पुराव्याशिवाय मान्य केले जाते.

प्रस्तुत लेखात या विधानाची तपासणी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकावरील ताम्हिणी परिसराच्या संदर्भात केली आहे. त्यासाठी तीन प्रकारच्या साधनांचा आधार घेतला आहे : सह्याद्रीच्या या पट्ट्यात वापरली जाणारी मराठी क्रियापदे व स्वयंपाकाच्या रीती, आयुर्वेदाची ग्रंथपरंपरा आणि विसाव्या शतकातील वैद्यकीय संशोधनाचा इतिहास. अन्न न सोसण्याचे अनेक प्रकार जुन्या समाजाला ठाऊक होते व त्यांतील बहुतेकांवर त्याने स्वयंपाकघरातच उपाय शोधला होता. ज्या एका प्रकारावर स्वयंपाकघराचा इलाज चालत नाही, तोच प्रकार नोंदींत निनावी राहिला, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

ताम्हिणी परिसर व तेथील अन्नव्यवस्था

पुण्याहून पौडमार्गे माणगावकडे जाणारा रस्ता मुळशी जलाशयाच्या कडेने ताम्हिणीला पोहोचतो आणि तेथून घाट उतरून कोकणात रायगड जिल्ह्यात शिरतो. अतिवृष्टी हे या प्रदेशाचे पहिले वैशिष्ट्य. दाट अरण्य, देवराया आणि विखुरलेल्या वाड्या हे दुसरे. 2013 मध्ये या भागात ताम्हिणी वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. मराठा शेतकरी, महादेव कोळी, कातकरी आणि गवळी धनगर हे या डोंगरपट्ट्यातील प्रमुख समाज होत.

खोऱ्याच्या तळाशी भात, उतारावर नाचणी व वरई, जंगलातून कंद, रानभाज्या व फळे, ओढ्यातून मासे व खेकडे, घाटाखालून येणारी सुकी मासळी आणि धनगरांच्या म्हशींचे दूधदुभते, अशी ही अन्नव्यवस्था होती. मुळशीचा आंबेमोहोर तांदूळ प्रसिद्ध आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली 1921 ते 1924 या काळात झालेला मुळशी सत्याग्रह हा खोऱ्यातील भातजमिनी वाचवण्याचाही लढा होता. धरण झाले, पाणी भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळले आणि खोऱ्याच्या तळातील सुपीक जमीन जलाशयाखाली गेली. या भागातील माणसाच्या ताटात काय येते हे केवळ परंपरेने ठरलेले नाही, सत्तेने आणि भांडवलानेही ठरवलेले आहे, एवढे येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

या अन्नव्यवस्थेत गहू जवळजवळ नव्हता. दूध होते, पण त्याचा मोठा भाग दही, ताक आणि तूप होऊन खाल्ला वा विकला जाई. जंगलातील अनेक खाद्ये कच्च्या स्वरूपात त्रासदायक होती. या तिन्ही गोष्टींचा पुढील विवेचनाशी थेट संबंध आहे.

क्रियापदांत साठलेले ज्ञान

लिखित साधने जेथे तुटपुंजी असतात, तेथे भाषा हेच एक दफ्तर असते. अन्न न सोसण्यासाठी मराठीत एकच शब्द नाही, अनेक क्रियापदे आहेत आणि त्यांचे अर्थ परस्परांपासून वेगळे आहेत.

पहिले क्रियापद 'खाजणे'. अळू खाजते, सुरण खाजतो, पावसाळ्याच्या तोंडावर उगवणारे शेवळे तर फारच खाजते. या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते तोंडात व घशात टोचतात आणि खवखव होते. हा त्रास खाणाऱ्या प्रत्येकाला होऊ शकतो. म्हणून अळूत चिंच, सुरणाला आमसूल आणि शेवळ्याच्या भाजीत काकडाची आंबट फळे घालण्याची रीत पडली. आंबट घालणे आणि नीट शिजवणे यांमुळे खाज कमी होते. कडू करांद्याच्या चकत्या करून त्या उकडणे आणि वाहत्या पाण्यात ठेवून त्यांचा कडवटपणा घालवणे ही आदिवासी समाजांतील रीतही याच जातीची. दोष अन्नाच्या कच्चेपणात आहे आणि तो प्रक्रियेने जातो, ही समजूत 'खाजणे' या शब्दामागे उभी आहे.

दुसरे क्रियापद 'लागणे'. डोंगरी भागात पिकणारा हरीक कधी कधी 'लागतो', म्हणजे खाणाऱ्याला चक्कर, उलट्या आणि गुंगी येते. याचे कारण ओलसर हवेत हरकावर वाढणारी बुरशी आणि तिच्यातून तयार होणारे सायक्लोपायझोनिक आम्ल हे आज ज्ञात आहे. येथे त्रास होतो तो विषामुळे. एकाच हंडीतले अन्न खाणाऱ्या सर्वांना तो कमीअधिक प्रमाणात होतो. म्हणून यावरचा उपाय माणूस बदलण्याचा नाही, धान्य टाकून देण्याचा आहे.

तिसरे क्रियापद 'उतणे'. बिब्ब्याचे तेल अंगाला लागल्यावर काहींच्या कातडीवर फोड येतात, सूज येते, कातडी चिघळते. त्याला 'बिब्बा उतला' असे म्हणतात. तो सर्वांना उतत नाही, हे अनुभवाने ठाऊक होते. बिब्बा ज्या कुळातला त्याच कुळातले आंबा आणि काजू; कैरीचा चीक आणि काजूच्या टरफलाचे तेल यांनीही काहींना असाच त्रास होतो. बिब्ब्याच्या आतील गोडंबी मात्र पौष्टिक म्हणून खाल्ली जाते. चरकसंहितेत भल्लातकाचे, म्हणजे बिब्ब्याचे, रसायन सांगताना तोंडाला आतून तूप लावून मगच ते घ्यावे अशी दक्षता सांगितली आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर धोब्याने कपड्यांवर बिब्ब्याने केलेल्या खुणांच्या जागी चट्टे उठू लागले, तेव्हा 1943 मध्ये या विकाराचे वर्णन अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही खऱ्या अर्थाने ॲलर्जी आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या द्रव्याला ओळखू लागते आणि पुढच्या संपर्कात काही तासांनी वा दिवसांनी प्रतिक्रिया देते. वैद्यकाने तिला नाव देण्याच्या कितीतरी आधी मराठीने तिच्यासाठी एक क्रियापद राखून ठेवले होते.

चौथे, 'न पचणे' किंवा 'न मानवणे'. 'दूध पचत नाही, पण ताक चालते' हे वाक्य मराठी घरांत सर्रास ऐकू येते. दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर अनेक माणसांत बालपणानंतर कमी होते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते आणि पोटफुगी, मुरडा, जुलाब होतात. दही लागताना या साखरेचा काही भाग जिवाणू संपवतात आणि तुपात ती जवळजवळ उरतच नाही. म्हणून ताक-तूप सोसते. वैद्यकाच्या भाषेत ही ॲलर्जी नाही, असह्यता आहे. ज्याला दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असते, त्याला दही-ताकही चालत नाही. म्हणजे 'ताक चालते' या दोन शब्दांत एक उपयुक्त निदान दडलेले आहे.

पाचवे क्रियापद 'उठणे'. मासे, खेकडे, अंडी किंवा एखादी डाळ खाल्ल्यावर काही माणसांच्या अंगावर गांधी उठतात, 'पित्त उठते'. यावर आमसुलाचे पाणी लावणे वा पिणे आणि अंगाला गेरू चोळणे हे उपाय घरोघरी केले जात. 'पित्त' या नावामुळे तो शरीरातील दोषाचा उद्रेक ठरला, विशिष्ट पदार्थाचा व विशिष्ट माणसाचा संबंध दुय्यम ठरला. 'मला खेकडा चालत नाही' असे म्हणणारा माणूस प्रत्येक गावात असणार. पण त्याचे न चालणे हा त्याचा वैयक्तिक स्वभाव मानला गेला.

या पाच क्रियापदांची मांडणी केली की एक गोष्ट स्पष्ट होते. खाजण्यावर चिंच आहे, लागण्यावर धान्य टाकणे आहे, न पचण्यावर विरजण आहे, उतण्यावर त्या माणसाने दूर राहणे आहे. उठण्यावरचा उपाय मात्र खाज शमवतो, कारणापर्यंत पोहोचत नाही. खेकडा व कोळंबी यांतील ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उकळल्यानेही नष्ट होत नाही. कोळंबीतील उष्णतेला दाद न देणारी ॲलर्जीजनक द्रव्ये वेगळी करण्याचे आणि 1993 मध्ये त्यांतील प्रमुख द्रव्य ट्रोपोमायोसिन असल्याचे दाखवण्याचे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने झाले. जी आच अळूला वश करते, ती या प्रथिनापुढे निष्प्रभ ठरते. परंपरेचे मुख्य साधन चूल होते आणि चुलीला न जुमानणारा विकार तिच्या आवाक्याबाहेर राहिला.

ग्रंथपरंपरा : सात्म्याची कल्पना

ग्रंथांनी या प्रश्नाचा विचार वेगळ्या पातळीवर केला. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचा विचार करताना प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता अशी आठ अंगे सांगितली आहेत. यांतील शेवटचे अंग, म्हणजे प्रत्यक्ष खाणारा माणूस, इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. तेच अन्न, त्याच मात्रेत, त्याच ऋतूत, पण खाणारा निराळा तर परिणाम निराळा, हे त्यातून मान्य केले गेले. सवयीने शरीराला मानवणाऱ्या गोष्टीला 'ओकसात्म्य' अशी स्वतंत्र संज्ञा दिली गेली. एखाद्याला वांगे वातूळ तर दुसऱ्याला तेच पथ्यकर, या अर्थाची मराठी म्हण याच विचाराचे लोकरूप आहे.

संयोगाचा विचार 'विरुद्ध आहार' या नावाने सूत्रस्थानात येतो. मासे व दूध एकत्र न खाण्याचा नियम हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. अंगावर उठणाऱ्या गांधींचे वर्णन माधवनिदानात शीतपित्त, उदर्द व कोठ या नावांनी स्वतंत्रपणे केले आहे. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त या मराठी पंडिताने 'भोजनकुतूहल' हा अन्नविषयक संस्कृत ग्रंथ रचला. तंजावरच्या भोसले दरबाराशी त्याचा संबंध होता आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी त्याच्यावर संशोधन केले. पदार्थांचे गुणदोष नोंदवण्याची वृत्ती मराठी विद्वानांत किती दृढ होती, याची साक्ष या ग्रंथातून मिळते.

परंतु सात्म्य आणि ॲलर्जी यांना एकरूप मानणे ही इतिहासलेखनातील चूक ठरेल. असात्म्य अन्न हळूहळू, थोड्याथोड्या अंशाने बदलत जावे, असा ग्रंथांचा सर्वसाधारण उपदेश आहे. सवयीच्या संदर्भात तो शहाणपणाचा आहे. मात्र ज्याला एखाद्या अन्नाची तीव्र ॲलर्जी आहे, त्याने ते अन्न घरच्या घरी थोडे थोडे खाऊन सवय लावण्याचा प्रयत्न केल्यास तो जिवावर बेतू शकतो. प्राचीन संकल्पनेचा गौरव तिच्या स्वतःच्या अर्थाने व्हावा; आधुनिक संकल्पनेची पूर्वछाया म्हणून नव्हे.

एका शब्दाचा जन्म

आधुनिक संकल्पनेचा उगम अन्नातून झाला नाही, तो लसीतून आणि विषातून झाला. पोर्तिए व रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सागरी जीवाचे विष कुत्र्यांना अल्प मात्रेत टोचले. दुसऱ्यांदा अत्यल्प मात्रा देताच एक कुत्रा काही मिनिटांत दगावला. संरक्षण वाढण्याऐवजी नाहीसे झाले होते. 1902 मध्ये त्यांनी या घटनेला 'ॲनाफिलॅक्सिस' हे नाव दिले आणि 1913 मध्ये रिशे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के हे घटसर्पावर घोड्याचा रक्तरस टोचलेल्या मुलांना पुरळ, ताप आणि सांधेदुखी का होते याचा अभ्यास करीत होते. या निरीक्षणांतून त्यांनी 1906 मध्ये 'ॲलर्जी' हा शब्द घडवला. त्याचा अर्थ इतकाच की शरीराची प्रतिक्रिया बदललेली आहे.

अन्नाचा प्रवेश पुढे झाला. 1921 मध्ये प्राउसनिट्झ यांनी आपले सहकारी क्युस्टनर यांचा रक्तरस स्वतःच्या कातडीत टोचला. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे गांध उठली. ॲलर्जी रक्तातील कोणत्यातरी घटकामार्फत वाहून नेली जाते हे त्यातून सिद्ध झाले. तो घटक म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन-ई हे प्रतिपिंड, हे इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिक यांनी स्वीडनमध्ये 1966-67 च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवले. यानंतर विष, असह्यता आणि ॲलर्जी यांच्यातील सीमारेषा स्पष्ट झाल्या. विष सर्वांना बाधते. असह्यतेत पचनाची त्रुटी असते आणि त्रास मात्रेवर अवलंबून असतो. ॲलर्जीत प्रतिकारयंत्रणा गुंतलेली असते आणि अत्यल्प अंशही पुरेसा ठरू शकतो. नीट न साठवलेल्या बांगड्यासारख्या माशात हिस्टामाइन तयार होऊन अंग लाल होते व खाज सुटते, ते ॲलर्जीसारखे दिसते. पण ते विषबाधेत मोडते, ही सीमा आज रेखता येते.

गहू आणि बदललेले ताट

सीलिॲक हा विकार या सर्वांपासून निराळा आहे. गहू, सातू यांसारख्या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे प्रतिकारयंत्रणा लहान आतड्यावरच हल्ला करते. परिणामी जुलाब, रक्तक्षय आणि खुंटलेली वाढ ही लक्षणे दिसतात. डच डॉक्टर विलेम डिके यांनी दुसऱ्या महायुद्धातील टंचाईच्या काळात पाव मिळेनासा झाल्यावर आपले काही बालरुग्ण सुधारल्याचे आणि पाव परत आल्यावर ढासळल्याचे पाहिले. 1950 मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला. अन्नटंचाईच्या इतिहासातूनच या विकाराचे कारण हाती लागले, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे असे आहे.

ताम्हिणीसारख्या तांदूळ-नाचणी-वरईच्या प्रदेशात हा विकार असता तरी तो प्रकट होण्यास वाव नव्हता, कारण या तिन्ही धान्यांत ग्लुटेन नाही. ज्या शरीरात ही प्रवृत्ती असेल, ते शरीर गहू भेटेपर्यंत निरोगी दिसणार. 1956 च्या करारानंतर आलेला अमेरिकी गहू, 1972-73 चा दुष्काळ आणि शिधावाटप व्यवस्थेचा विस्तार यांनी महाराष्ट्राच्या आहारात गव्हाचे स्थान वाढवले. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तांदळाबरोबर गहूही हक्काच्या धान्यात आला. घाटरस्त्यावरील वाहतूक व पर्यटन वाढले तशी बिस्किटे, पाव आणि नूडल्स वाडीपर्यंत पोहोचली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रादेशिक तुलनेत प्रौढांमधील सीलिॲकचे प्रमाण उत्तर भारतातील नमुन्यात 1.23 टक्के, तर दक्षिण भारतातील नमुन्यात 0.10 टक्के आढळले. या अंतरामागे आनुवंशिकता आणि गव्हाचे सेवन या दोन्हींचा विचार करावा लागतो. महाराष्ट्र त्या तुलनेत नव्हता. या आकड्यांवरून ताम्हिणीबद्दल निष्कर्ष काढणे गैर ठरेल. पण आहार बदलला की पूर्वी अदृश्य असलेला विकार दृश्य होऊ शकतो, हे तत्त्व त्यातून निश्चित पुढे येते.

नोंदींचे मौन

आता मूळ विधानाकडे वळता येईल. 'पूर्वी नव्हते' हे कोणत्या नोंदींच्या आधारे म्हणायचे? ब्रिटिश काळातील मृत्युनोंदी गावपातळीवरील वतनदार व कामगारांमार्फत होत. त्यातील रकाने पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण-अतिसार, श्वसनविकार, इजा आणि 'इतर कारणे' असे होते. गव्हामुळे खंगणारे मूल त्यात कोठे गेले असते? अतिसाराच्या रकान्यात. दुधाच्या ॲलर्जीने रक्त पडून दगावलेले अर्भक? हगवणीत. खेकडा खाल्ल्यावर घसा सुजून गुदमरलेला माणूस? श्वसनविकारात किंवा 'इतर कारणां'त. ज्या गोष्टीला रकाना नाही, ती घडली नाही असे त्या कागदावरून म्हणता येत नाही. शिवाय बालमृत्यूचे प्रमाण प्रचंड असलेल्या काळात एखाद्या मुलाचे अन्न न सोसणे हे वेगळे कारण म्हणून कोणाच्या नजरेस येणे कठीण होते. गावगाड्यात अशा अचानक मृत्यूचे स्पष्टीकरण बाधा, नजर किंवा करणी या शब्दांनी दिले जाण्याचीही शक्यता होती.

याचा अर्थ वाढ झालीच नाही असा नव्हे. ब्रिटिश संशोधक स्ट्रॅचन यांनी 1989 मध्ये मांडलेल्या विचारानुसार बालपणी जंतूंशी संपर्क कमी झाल्याने ॲलर्जीचे प्रमाण वाढते. या विचारात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी शहरी राहणी आणि ॲलर्जी यांचा संबंध नाकारला गेलेला नाही. आहारात काही पदार्थ उशिरा आणल्याने धोका वाढू शकतो, हेही 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भुईमुगावरील ब्रिटिश अभ्यासाने दाखवले. म्हणून योग्य विधान असे करता येईल : वाढ झाली असण्यास कारणे आहेत, परंतु 'पूर्वी शून्य होते' यास आधार नाही. इतिहासाच्या शिस्तीत या दोन विधानांमधील अंतर मोठे आहे.

एका शब्दाचे ओझे

मराठीत 'ॲलर्जी'साठी 'अधिहर्षता' हा पारिभाषिक शब्द सुचवला गेला, पण तो रुळला नाही. मूळ शब्दच रुळला आणि रुळताना त्याने जुनी पाचही क्रियापदे गिळली. आज अळू खाजले तरी 'अळूची ॲलर्जी', दूध पचले नाही तरी 'दुधाची ॲलर्जी' आणि नावडत्या माणसाचीही 'ॲलर्जी'. वैद्यकाने ज्या शब्दाने सीमा आखली, त्याच शब्दाने लोकव्यवहारात सीमा पुसली.

हा केवळ भाषाशुद्धीचा प्रश्न नाही. त्याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. ज्या घरात पोषणाची साधने मोजकीच आहेत, तेथे एकदा पोट बिघडले म्हणून मुलाचे दूध, अंडी आणि डाळ बंद केली जाते. ताक चालले असते, मात्रा कमी केली असती तरी भागले असते. शहरांत रक्तातील आयजीजी प्रतिपिंडांवरून डझनावारी पदार्थ 'वर्ज्य' ठरवणाऱ्या तपासण्या विकल्या जातात. अशा तपासण्यांच्या आधारे निदान करू नये असे युरोपीय ॲलर्जी अकादमीने 2008 मध्येच स्पष्ट केले आहे. असे प्रतिपिंड बहुतेक वेळा ते अन्न खाल्ल्याचीच खूण असतात.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. शब्द सैल झाल्यामुळे खरी ॲलर्जीही 'थोडे पित्त उठले' इतक्यावर येते. अंगावर गांधी उठण्याबरोबर ओठ व जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, वारंवार उलट्या होणे, भोवळ येणे यांपैकी काही दिसले, तर आमसुलाच्या पाण्यात वेळ घालवण्याची ती वेळ नसते. यावर प्रथम द्यावयाचे औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत टोचायचे ॲड्रेनॅलिन. अतिवृष्टीत दरड कोसळणाऱ्या घाटात, तालुक्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या वाडीत काही मिनिटांचा विलंबही निर्णायक ठरू शकतो.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, भुईमूग व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. हे महत्त्वाचे पाऊल आहे. परंतु वेष्टनावरील मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला तरी नियमाची पूर्तता होते. मराठी ऐच्छिक राहते. आणि घाटातल्या टपरीवरील भज्याला तर वेष्टनच नसते. तेथे उपयोगी पडतो तो विचारलेला प्रश्न आणि दिलेले प्रामाणिक उत्तर.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. अन्न न सोसण्याची जाणीव आधुनिक नाही. सह्याद्रीतील समाजाने तिचे प्रकार क्रियापदांतून वेगळे केले होते आणि त्यांतील बहुतेकांवर प्रक्रिया, संयोग व विरजण यांच्या साहाय्याने मात केली होती. ग्रंथपरंपरेने त्यात खाणाऱ्या व्यक्तीचा विचार जोडला. मात्र प्रक्रियेला दाद न देणारी, अल्प अंशाने उसळणारी ॲलर्जी या दोन्ही परंपरांना स्वतंत्रपणे ओळखता आली नाही. सरकारी रकान्यांनीही तिला जागा दिली नाही. म्हणून तिची अनुपस्थिती हा नोंदींचा गुणधर्म आहे, शरीरांचा असेलच असे नाही.

येथे इतिहासाचा एक धागा ताम्हिणीपर्यंत परत येतो. पिर्के यांना 'ॲलर्जी' हा शब्द सुचला तो घोड्याच्या रक्तरसामुळे. मुंबईच्या हाफकिन संस्थेने तयार केलेले सर्पविषावरील प्रतिविषही घोड्याच्याच रक्तरसापासून बनते. सर्पदंशाचा धोका असलेल्या डोंगराळ भागातील आरोग्य केंद्रांत ते ठेवले जाते. ते देताना तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिनची कुपी हाताशी ठेवणे आवश्यक असते. खेकडा खाल्ल्यावर घसा सुजलेल्या माणसाला वाचवणारे औषध तेच आहे. म्हणजे अशा केंद्रांत औषध सापासाठी आलेलेच असते; अन्नासाठी त्याची गरज पडू शकते ही जाणीव तेवढी पोहोचायची असते. ती पोहोचवण्यासाठी नवा शब्द घडवण्याची आवश्यकता नाही. 'खाजले', 'लागले', 'पचले नाही', 'उतले' की 'उठले', एवढे नेमके विचारण्याची जुनी सवय परत आणली आणि 'उठले' या उत्तरानंतर 'श्वासाला काही त्रास होतो का?' हा एक प्रश्न तिला जोडला, तरी पुष्कळ साधेल.